फांडालिनची मोहीम: आठ महिने खेळल्यावर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फासे टाकत खेळायचा साहसकथेचा खेळ, त्याचा २०१४ चा स्टार्टर संच. डब्यात खेळ चालवणाऱ्यासाठी ६४ पानांची मोहीम, ३२ पानांचे नियम, पाच तयार पात्रं आणि सहा फासे. वीस बाजूंचा फासा मात्र एकच. ॲडव्हान्टेज (अनुकूल संधी) मिळालं की तो दोनदा टाकावा लागतो आणि पाच जणांत फिरता फिरता लढाई रेंगाळते. दुसरा आधीच मागवा, तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. नकाशाला चौकटीची वही चालते, एक चौकोन पाच फुटांचा. कागदी सोंगट्या कूलरच्या वाऱ्यानं उडतात. गोब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) म्हणून चिंचोके ठेवा.

पहिलीच लढाई नवख्यांना जड जाते. वाटेत चार गोब्लिन दबा धरून असतात. प्रत्येकाचा घाव एक सहा बाजूंचा फासा अधिक दोन, आणि जादूगाराचे हिट पॉइंट (घाव सोसायची ताकद) जेमतेम आठ. दोन बाण लागले की तो आडवा. तीनच खेळाडू जमले तर गोब्लिन दोन करा. पुढं गुहेतला गोब्लिनांचा म्होरक्या क्लार्ग एका फटक्यात सरासरी ११ घेतो, म्हणून त्याच्याआधी सगळ्यांना विश्रांती घेऊ द्या.

मोहीम घडते ते फेरूनचं जग १९८७ पासून छापलं जातंय. सगळा इतिहास वाचायला बसलात तर खरीप निघून जाईल. इथं ट्रायबोरची वाट आणि फांडालिन गाव एवढं पुरतं. गाव खरंच जमलंय: लाल झगेवाली रेडब्रँड टोळी लोकांना धमकावते, आणि गावप्रमुख हार्बिन वेस्टर म्हणतो, ती तर भाडोत्री सैनिकांची मंडळी आहे. असा माणूस आपल्याकडं कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याला वऱ्हाडीत बोलू द्या, टेबल लगेच रंगतं. देवांची नावं कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. टायमोराला 'नशिबाची देवी' म्हटलं की काम भागतं.

पुस्तकाची खोट म्हणजे गावकऱ्यांची कामं प्रकरणभर विखुरलेली आहेत. कोण, कुठं, काय मागतो, ते एका पानावर उतरवून घ्या, नाहीतर ऐन खेळात पानं चाळत बसाल.

थंडरट्री या उजाड गावातला हिरवा ड्रॅगन मात्र पात्रं तिसऱ्या पातळीवर असतानाच अंगावर येतो. त्याचा विषारी फुत्कार सरासरी ४२. बचावाचा फासा फसला तर खेळाडूंची सगळी पात्रं एका दमात झोपतात. लढण्याआधी बोलणी करता येतात, हे खेळाडूंना सुचवून ठेवा.

सोयाबीन निघाल्यापासून कापूस वेचून होईपर्यंत पाच जण जमणं कठीण. कॅरेक्टर शीटच्या (पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या) झेरॉक्स काढून ठेवा. हिट पॉइंट खोडून खोडून कागदाला भोक पडतं.