फोमचं सुपरहिरो चिलखत: साहित्य, गोंद आणि अस्तर निवडताना

चिलखत फोटोपुरतं अर्धा तास घालायचं आहे, की त्यात पाच-सहा तास चालायचं, बसायचं, जिने चढायचे आहेत, हे आधी ठरवा. पुढच्या सगळ्या निवडी याच एका उत्तरावर अवलंबून आहेत. अंगावरचं चिलखत सतत वाकतं, दबतं आणि ताणलं जातं. फोम, गोंद, अस्तर (म्हणजे रंगाआधी फोमवर बाहेरून द्यायचा लेप) आणि रंग या चार थरांपैकी जो थर बाकीच्यांबरोबर वाकत नाही, तिथूनच ते फुटायला लागतं. म्हणून खाली प्रत्येक पर्याय तोलताना मुख्य कसोटी एकच ठेवली आहे: तो अंगाबरोबर हलतो का?

फोम, थर्मोप्लास्टिक की थ्रीडी प्रिंट

| | ईव्हीए फोम (जमिनीवरच्या मॅटसारखा लवचीक फोम) | थर्मोप्लास्टिक पत्रा (तापवल्यावर मऊ होणारं प्लास्टिक) | थ्रीडी प्रिंट (पीएलए प्लास्टिक) |
|---|---|---|---|
| वजन | सर्वांत कमी | मध्यम, फोमवर चढवला तर वाढतं | सर्वांत जास्त |
| पडल्यावर | दबतो, पुन्हा वर येतो | वाकतो, क्वचित तडकतो | तुटतो |
| उन्हातल्या बंद गाडीत | आकार थोडा सैलावतो | मऊ पडू शकतो | साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडून वाकतो |
| अवजारं | कटर, हीट गन | कात्री, हीट गन | प्रिंटर, भरपूर पॉलिश पेपर |
| चूक दुरुस्त करणं | सोपं | पुन्हा गरम करून शक्य | बहुतेकदा भाग नव्याने छापावा लागतो |

वजनातला फरक आकड्यांत पाहा. 10 मिमी जाड, घनमीटरला 100 किलो घनतेच्या फोमचा एक चौरस मीटर एक किलो भरतो. पीएलएचं भरीव कवच 3 मिमी जाडीचं असलं तरी तेवढ्याच क्षेत्रफळाला 3.7 किलोच्या आसपास जातं. छाती, पाठ, खांदे आणि मांड्या मिळून हा फरक पहिल्या तासाभरातच खांद्यांना कळतो.

तरीही प्रिंट पूर्ण बाद करू नका. छातीवरचं गोल चकतं, डोळ्यांच्या खाचा, बटणं, नळ्यांची टोकं असे लहान, धारदार आणि न वाकणारे भाग प्रिंटमध्ये फोमपेक्षा सरस होतात. थर्मोप्लास्टिक सुमारे 90 अंशांना मऊ होतं आणि उरलेले तुकडे गरम करून पुन्हा एकत्र मळता येतात. कडा, शिंगं, मुकुटासारखी नक्षी यांना ते उत्तम. पण अख्खा छातीपट त्याचा केला तर महाग पडतो आणि श्वास घेताना जाचतो. आमचं मत स्पष्ट आहे: अंगावरचं मोठं क्षेत्र फोमचं, कडक दागिने प्रिंटचे किंवा थर्मोप्लास्टिकचे.

जमिनीवरच्या मॅट की खास शीट

एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी मॅट सहज मिळतात आणि स्वस्त असतात. त्यांची घनता कमी असते आणि एका बाजूला खरबरीत ठसा असतो. गरम केल्यावर त्या लवकर पातळ होतात, घासल्या तर तंतू उठतात. जास्त घनतेची शीट दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते, वाक दिला की तो धरून ठेवते आणि पॉलिश पेपरला नीट साथ देते. पहिला कच्चा नमुना आणि आतले आधाराचे थर मॅटचे केले तर चालतं, पण बाहेर दिसणारा थर शीटचाच घ्या.

विकत घेण्याआधी एक खात्री करा. फोम म्हणून विकली जाणारी काही शीट पॉलिइथिलीनची असते. ती हाताला मेणचट लागते आणि तिच्यावर कॉन्टॅक्ट गोंद (बूट-चपलांचा रबरी गोंद) धरतच नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो. छोटा तुकडा चिकटवून, अर्ध्या तासाने ओढून पाहा. फोम फाटला पण जोड सुटला नाही, तर माल बरोबर आहे.

जाडी जागेप्रमाणे बदलते. छाती, पाठ आणि खांद्यांचं मूळ कवच 8 ते 10 मिमी. मनगट, पोटऱ्या, पोटावरच्या सरकत्या पट्ट्या 5 मिमी. वरची नक्षी, कडा आणि बोटांवरच्या खवल्या 2 ते 3 मिमी. सगळं 10 मिमीचं केलं तर कोपर दुमडत नाही, सगळं 5 मिमीचं केलं तर छातीपट बसताना आत दबतो. प्रौढ माणसाच्या पूर्ण चिलखताला, वाया जाणारं धरून, साधारण 4 ते 5 चौरस मीटर फोम आणि एक लिटर गोंद लागेल असं समजून चाला.

तयार नमुना की अंगावर बेतलेला

तयार कागदी नमुने, म्हणजे पेपाकुरासारख्या पद्धतीने त्रिमितीय आकार उलगडून छापलेले तुकडे, हेल्मेटसाठी वेळ वाचवतात. कवटीचे वाक स्वतः काढणं खरंच अवघड आहे. धडासाठी मात्र तयार नमुना फसवतो. बरेच जण उंचीच्या प्रमाणात सगळं एकाच टक्क्याने मोठं करतात, आणि मग छाती बरोबर बसते पण दंड घट्ट होतो. प्रत्येक भाग त्याच्या स्वतःच्या घेरावरून वेगळा मोजून मोठा-लहान करा.

धडासाठी अंगावर बेतणं जास्त खात्रीचं. जुन्या टी-शर्टवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा, वरून कागदी टेप लावा, मार्करने चिलखताच्या रेघा काढा आणि कापून सपाट करा. जिथे तुकडा सपाट होत नाही तिथे शिंपी घालतो तसा टक्स द्यावा लागतो, म्हणजे पाचरीसारखा भाग कापून कडा जोडायच्या. टेप लावताना पूर्ण श्वास भरून घ्या. कापण्याआधी कडांवर दर 4-5 सेंटिमीटरला आडव्या जुळणीच्या खुणा करा. त्या नसतील तर चिकटवताना एक कड ताणली जाते आणि शेवटी बोटभर फोम उरतो.

इथे जवळपास प्रत्येक नवखा एक हिशेब विसरतो. नमुना कागदाचा असतो, फोमला जाडी असते. 10 मिमी फोमची नळी केली की आतल्या आणि बाहेरच्या घेरात सुमारे 6.3 सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे अंगालगत मोजलेल्या घेरात निदान 3 सेंटिमीटर वाढवलेच पाहिजेत, आणि आतल्या कपड्यांसाठी व हालचालीसाठी आणखी 2. हे केलं नाही की दंडाचे भाग हमखास घट्ट होतात, आणि दोष उगाच नमुन्याला दिला जातो.

कापणं आणि वाकवणं

यात निवडण्यासारखं फार नाही. 18 मिमीचा कटर आणि दर मीटर-दीड मीटर कापल्यावर नवं टोक. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि तसा जोड कितीही रंगवला तरी दिसतो. जाड फोम एका दमात न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा, पातं सरळ उभं धरून.

हीट गनने दोन कामं होतात. पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत तापवला की वरची छिद्रं मिटतात आणि नंतर अस्तर कमी लागतं. आणि गरम असताना मांडीवर किंवा भांड्यावर दाबून थंड होईपर्यंत धरला की वाक कायम राहतो. गन सतत फिरती ठेवा, एका जागी थांबली की फोम आक्रसतो आणि खड्डा पडतो. पॅनेलच्या रेघा हव्या असतील तर अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्या. उष्णतेने ती आपोआप उघडते.

क्रम चुकवू नका: आधी वाक, मग चिकटवणं. चिकटवलेला भाग पुन्हा तापवला तर गोंद सैल होतो आणि जोड तोंड उघडतो.

ग्लू गन, कॉन्टॅक्ट गोंद की सुपरग्लू

ग्लू गन लवकर पकडते म्हणून मोह होतो. तिचा गोंद उष्णतेने मऊ होतो, थंडीत ठिसूळ होतो आणि जोडावर फुगीर रेघ सोडतो. ती रेघ घासून जात नाही, चिघळते. आतले पट्टे तात्पुरते धरायला, कार्यक्रमाच्या दिवशी डागडुजीला ती ठेवा. बाहेरच्या जोडांना नको.

सुपरग्लू काही सेकंदांत धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. वाकणाऱ्या जोडात तो तडकतो किंवा शेजारचा फोम फाडतो. बोटांवरच्या खवल्या किंवा प्रिंटचं लहान बटण फोमवर बसवायचं असेल, एवढ्यापुरता ठीक.

बूट-चपलांच्या तळव्याला वापरतात तो रबरी कॉन्टॅक्ट गोंद हाच चिलखताचा खरा गोंद. वाळल्यावरही तो लवचीक राहतो, म्हणून जोड फोमबरोबर वाकतो. वापरायची रीत मात्र वेगळी आहे. दोन्ही कडांना पातळ हात द्या. कापलेली कड गोंद पिते, म्हणून 10 मिनिटांनी दुसरा हात. मग आणखी 10 ते 15 मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटत नाही इतपत वाळू द्या, आणि मगच जोडा. जोडल्या क्षणी पकडतो, सरकवायची संधी नाही. म्हणून आधी दोन टोकं, मग मध्य, मग मधल्या जागा, खुणा जुळवत. जोड उघडतो तो बहुतेक दोनच कारणांनी: ओला असताना जोडला, किंवा घासल्याची धूळ न पुसता गोंद लावला.

याची किंमत वाफांच्या रूपात द्यावी लागते. गोंदातल्या द्रावकाच्या वाफा डोकं धरतात आणि त्या पेट घेतात. खिडक्या उघड्या ठेवा, डब्याजवळ हीट गन चालवू नका. धुळीचा साधा मास्क वाफा अजिबात अडवत नाही, त्यांच्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज (गाळणीची डबी) असलेला मास्क लागतो. फोम घासताना मात्र धुळीचा मास्क हवाच. घरात लहान मूल असेल किंवा खोली बंदिस्त असेल, तर पाण्यावर आधारित कॉन्टॅक्ट गोंद घ्या. तो वाळायला जास्त वेळ घेतो आणि पकड थोडी सावकाश येते, पण अशा घरासाठी तोच योग्य.

जोडातल्या फटी अॅक्रिलिक सीलंटने भरा आणि ओल्या बोटाने सारख्या करा. सिलिकॉनचा सीलंट चुकूनही नको, त्याच्यावर रंग बसत नाही.

अस्तर: पांढरा गोंद, रबरी स्प्रे की लवचीक प्रायमर

पांढरा पीव्हीए गोंद निम्मं पाणी घालून पाच ते सात हात देता येतो. स्वस्त, बिनवासाचा, घरात बसून करता येणारा. पण कोपर, कंबर, खांद्याचा वाक इथे त्याला भेगा पडतात, आणि घामाने किंवा पावसाने ओला झाला की चिकट होतो. न वाकणाऱ्या हेल्मेटला आणि ढालीला चालून जातो.

प्लास्टी डिपसारखा रबरी स्प्रे वाकल्यावर फुटत नाही. अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने तीन-चार हात द्यावे लागतात. लांबून मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत होतो. दमट हवेत मारला तर पांढुरकी झाक येते. वाफा तीव्र असल्याने तो उघड्यावरच मारावा.

ब्रशने लावायचे पाण्यावर आधारित लवचीक प्रायमर या दोहोंच्या मध्ये बसतात. वास कमी, वाकतात, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासताही येतात. चकचकीत धातूचा आभास हवा असेल तर आमची पसंती यांनाच, कारण चकाकी पृष्ठभागातली प्रत्येक ओरखडी दाखवते. आधी गुळगुळीत चमकदार काळा, त्यावर चंदेरी. लाल धातू हवा असेल तर चंदेरीवर पारदर्शक लाल. आरशासारख्या क्रोम रंगावर क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) मारला की तो राखाडी पडतो. तो भाग कमी हाताळला जाईल असाच ठेवा.

लवचीक अस्तरावर कडक लॅकर रंग दिला तर खालचं अस्तर वाकतं आणि वरचा रंग जाळीसारखा तडकतो. अॅक्रिलिक रंग पातळ हातांनी द्या.

बंद आणि अडकवण्या

वेल्क्रो लवकर लागतं पण ओढ आल्यावर आवाज करत सुटतं, आणि फोमवर नुसतं चिकटवलं तर वरचा थर घेऊन निघतं. बाजूच्या मुख्य जोडांना 25 ते 40 मिमीची नायलॉन पट्टी आणि प्लास्टिक बकल घ्या. पट्टीचं टोक फोमच्या आत चिकटवून वरून 5 मिमी जाड फोमचा हातभर तुकडा दाबून बसवा, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर पसरते. खांदे छातीपटाला इलॅस्टिकने टांगा, दंडाला बांधू नका. मग हात वर केला की खांदा वर सरकतो, गळ्यात रुतत नाही. लहान झाकणांना टिचबटणं बरी. लोहचुंबक हेल्मेटचे दोन भाग जोडायला छान, पण बसवण्याआधी प्रत्येकावर ध्रुवाची खूण करा, आणि घालणाऱ्याला पेसमेकर असेल तर ते अजिबात वापरू नका.

फोम हवा जाऊ देत नाही. आत घाम शोषणारा घट्ट सूट आणि काखेत, कमरेत मोकळी जागा हवीच. हेल्मेटमध्ये हनुवटीखाली आणि मागे हवेची वाट ठेवा. रंगवण्यापूर्वी सगळं चढवून बसा, बुटाची नाडी बांधा, जिना चढा. काचेल तिथे तेव्हाच कापता येतं. रंगानंतर कापलं की कच्ची कड पुन्हा अस्तरापासून करावी लागते.

सुरुवात मनगटाच्या भागापासून करा. त्यात वाक, जोड, नक्षी, अस्तर, पट्टी सगळं येतं आणि फोम हातभरच जातो. दुसऱ्या हातासाठी नमुना पालथा घालून आखा आणि कापण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला ‘डावा’, ‘उजवा’ लिहा.