‘एलियन्स’ : १३७ मिनिटांचा पाहावा की १५४ मिनिटांचा?

जेम्स कॅमेरॉन यांचा १९८६ सालचा ‘एलियन्स’ पहिल्यांदा पाहणाऱ्याला सुरुवातीलाच निवड करावी लागते. चित्रपटगृहांत लागलेली मूळ आवृत्ती १३७ मिनिटांची आहे, तर तेव्हा गाळलेले प्रसंग पुन्हा जोडून तयार झालेली विशेष आवृत्ती १५४ मिनिटांची. दोन्ही मी पाहिल्या आहेत, दोन्हींवर माझे प्रेम आहे, आणि विशेष आवृत्तीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते.

त्यांचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे नायिका रिप्लीच्या (सिगॉर्नी वीव्हर) मुलीचा प्रसंग. अंतराळयानातल्या ५७ वर्षांच्या निद्रेतून परतलेल्या रिप्लीला कळते की, अकराव्या वाढदिवसापर्यंत परत येईन असे जिला सांगून ती निघाली होती, ती अमांडा दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ६६ व्या वर्षी वारली. वृद्ध अमांडाचे म्हणून जे छायाचित्र दाखवले आहे, ते प्रत्यक्षात सिगॉर्नी वीव्हर यांच्या आईचे आहे, आणि ते पाहताना वीव्हर यांचा चेहरा जसा बदलत जातो, तसा अभिनय या प्रकारच्या चित्रपटांत क्वचितच पाहायला मिळतो. हा प्रसंग मूळ आवृत्तीत नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांचे प्रसंगही विशेष आवृत्तीतच आहेत. गोळ्यांचा आकडा झरझर उतरताना पाहून छातीत धडधड होते, हे मान्य. पण ते नसल्याने कथेचे काही अडत नाही.

माझा कौल ज्या गोष्टीने फिरवला, ती आहे वसाहतीचा प्रसंग. एलव्ही-४२६ या दूरच्या गोलावरील माणसांच्या वस्तीशी संपर्क तुटतो, म्हणून रिप्ली सैनिकांसोबत तिथे जाते; विशेष आवृत्तीत मात्र ते निघण्याच्या कितीतरी आधी आपल्याला ती वस्ती नांदती दिसते. तिथे राहणारी छोटी न्यूट आईवडील आणि भावासोबत गाडीतून परग्रहवासीयांच्या एका पडक्या अंतराळयानापाशी जाते, आणि वडिलांच्या तोंडाला तिथला परग्रहावरचा जीव चिकटलेला पाहून किंचाळते. प्रसंग मुळात वाईट नाही, परंतु वस्तीवर काय ओढवले, हे एकदा कळले की पुढचा बराच वेळ आपण रिप्ली आणि सैनिकांच्या पुढे असतो आणि आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या उत्तरापर्यंत ते येण्याची वाट पाहत बसतो.

मूळ आवृत्तीत मात्र आपणही त्यांच्याबरोबरच अंधारात पाऊल टाकतो. पाऊस, ओस पडलेल्या खोल्या, त्या जीवांच्या रक्तातल्या आम्लाने मजल्यामागून मजला भेदून गेलेली भोके. आणि मग हालचाल टिपणारे ते यंत्र टिकटिकू लागते. समोर काय येणार, याची कुणालाच कल्पना नसते. एक सैनिक घाईने गोळी झाडतो, त्याचा सोबती हिक्स ऐनवेळी त्याच्या बंदुकीची नळी वर ढकलतो, आणि दिसते ती मळकट केसांची, जनावरासारखी बावरलेली एक मुलगी, म्हणजे न्यूट. रिप्ली तिच्यामागे सरपटत अरुंद मार्गातून तिच्या लपण्याच्या जागी पोहोचते, तिला घट्ट कवटाळते, आणि तिथे पडलेल्या शाळेतल्या फोटोत तीच मुलगी नीटनेटकी, हसरी दिसते. त्या एका फोटोवरून तिचे सारे गेलेले जग आपल्याला उमगते. विशेष आवृत्तीत न्यूट आपल्या ओळखीची होऊन गेलेली असल्याने यंत्राच्या टिकटिकीतली धास्तीही जाते आणि फोटोचा धक्काही. मला हे नुकसान फार मोठे वाटते. शिवाय आधी पाहिलेले विसरून जाणे प्रेक्षकाच्या हातात नसल्यामुळे ते भरून येण्यासारखेही नाही.

अमांडाचा प्रसंग नसला तर रिप्लीला न्यूटचा एवढा लळा का लागतो ते कळत नाही, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तरीही त्या चिंचोळ्या जागेत तिने मुलीला धरून ठेवणे पाहिल्यावर मला स्वतःला वेगळ्या कारणाची गरज भासली नाही. कुणाचा अनुभव निराळा असू शकेल.

म्हणून पहिल्या खेपेला १३७ मिनिटांची आवृत्ती निवडावी, असे मला वाटते. अनेक डिस्कवर दोन्ही आवृत्त्या असतात, तेव्हा सुरू करण्यापूर्वी कोणती निवडली आहे हे एकदा पाहून घ्यावे. मन लागले, तर काही काळाने विशेष आवृत्ती जरूर पाहावी. तोवर न्यूटची ओळख तिच्या जागी झालेली असेल, आणि अमांडाचा प्रसंग तेव्हाही तितकाच आत लागेल.