शिसवी म्हणून गळ्यात मारलेलं आंब्याचं लाकूड

ठाण्यात कुणी शिसवीचा झोपाळा, पलंग किंवा देव्हारा घेणार असाल, तर पूर्ण पैसे देण्याआधी हे वाचा.

घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून आम्ही आईसाठी झोपाळा घेतला. ‘सॉलिड शिसवी आहे, नातवंडं बसतील’ असं सांगून 52 हजार घेतले. कड्या बसवायला घरी मिस्त्री आले. त्यांनी फळीला भोक पाडलं आणि लादीवर पांढरट भुसा पडला. ड्रिल थांबवून त्यांनी तो चिमटीत घेतला. म्हणाले, “ताई, शिसवीचा भुसा असा नसतो, काळपट जांभळा पडतो. हा आंबा वाटतोय, वरून रंग मारलाय.”

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: शिसवीलाही पांढरा भाग असतोच. हे अर्धं खरं आहे, आणि त्यातच गिऱ्हाईक फसतं. खोडाच्या कडेचं लाकूड फिकट असतं, पण आतला गाभा गडद, जांभळट तपकिरी आणि काळ्या रेषांचा असतो. दोन्हींची सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. आमच्या फळीला खालून रंधा मारला, तर रंग नुसता वरच्यावर होता. आत सगळी फळी एकसारखी पिवळट.

वजनानेही फरक कळतो. शिसवी घनमीटरला 800 किलोच्या वर भरते, सागवान साधारण 650. सह्याद्रीतलं शिसवीचं झाड फार सावकाश वाढतं, आणि 2017 पासून ते ज्या गटात मोडतं त्या ‘डालबर्जिया’ गटातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. त्यामुळे शिसवी स्वस्तात मिळत असेल तर तिथेच संशय घ्या. फळीच्या टोकाची, कापलेली बाजू बघा. वरच्या रेषा तिथे उतरायला हव्यात. तिथे पट्टी चिकटवून पॉलिश फासलेलं असेल तर काढायला सांगा. खालच्या बाजूला, न दिसेल अशा ठिकाणी खरवडू देत नसतील तर सरळ बाहेर पडा.

आणि बिल! आमच्या बिलावर फक्त ‘वुडन झोपाळा’ लिहिलंय. शिसवी हा शब्द फक्त व्हॉट्सॲपवरच्या त्यांच्या मेसेजमध्ये आहे. तो आम्ही जपून ठेवलाय. लाकडाचं नाव आणि ‘सॉलिड’ हे बिलावर लिहूनच घ्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत 2 वर्षांची आहे. दुकानदाराने अर्धे पैसे देऊ केलेत. आम्ही नाही म्हटलंय. पूर्ण रक्कम आणि टेम्पोचं भाडं, दोन्ही मागितलंय.