कन्सील्ड डायव्हर्टर की वॉल मिक्सर?

जुन्या सदनिकेतील न्हाणीघराचे नूतनीकरण करताना टाइल्सच्या रंगाआधी शॉवरचा नळ भिंतीच्या आत बसवायचा की बाहेर, हे ठरवावे लागते, कारण भिंत किती फोडायची हे त्यावरच अवलंबून असते.

कन्सील्ड डायव्हर्टर म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचे हे ठरवणारा, भिंतीच्या आत बसणारा नळ; त्याचा मुख्य भाग टाइल्सच्या मागे जातो आणि बाहेर फक्त चकती व मूठ दिसते; त्यामुळे अरुंद न्हाणीघरात कोपर आपटत नाही आणि भिंत पुसणेही सोपे होते. मात्र आतील सांधा गळू लागला, तर टाइल्स फोडण्यावाचून गत्यंतर नसते आणि तोवर ओल बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीवर उमटलेली असते. बाहेरची मूठही सहसा त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलची लागते.

वॉल मिक्सर, म्हणजे गरम व थंड पाणी मिसळणारा, भिंतीच्या बाहेर बसणारा नळ, दिसायला जुनाट (हे मत दुकानदाराचे अधिक असते), पण गरम व थंड पाण्याच्या तोंडांमध्ये साधारण 6 इंच अंतर ठेवण्याची पद्धत रूढ असल्याने तो पुढे भिंतीला हात न लावता बदलता येतो. बोअरचे जड पाणी असलेल्या इमारतीत, जिथे क्षार साचून नळ लवकर घट्ट होतात, मी वॉल मिक्सरच निवडेन.

दाबाचा प्रश्न दोन्हींना सारखाच आहे. टाकीची उंची दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब देते. म्हणून टाकीच्या जवळच असलेल्या वरच्या मजल्यावर मोठा रेन शॉवर पंपाशिवाय नुसता ठिबकतो. कन्सील्डच हवा असेल, तर टाइल्स लावण्यापूर्वी प्लंबरकडून पाइपांची दाबचाचणी करून घ्यावी.