कुकर 499 रुपयांना, ओटीपी 24,900 चा

आत्या ज्या साइटवर फसली तिथे खोटं वाटावं असं काही नव्हतंच. नावाजलेल्या कुकर कंपनीचा लोगो, तेच फोटो, वर पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हही. 'फसतेच कशी' म्हणणाऱ्यांनी ती साइट एकदा बघायला हवी होती. फेसबुकवर जाहिरात आली, पाच लिटरचा कुकर 499 रुपयांना. कार्डाचा नंबर भरला, ओटीपी टाकला आणि खात्यातून 24,900 गेले.

तो ओटीपीचा मेसेज नंतर मी तिच्या फोनवर वाचला. रक्कम 24,900 अशी चक्क लिहिलेली, आणि पैसे घेणाऱ्याचं नाव भलतंच. पण फोनच्या वर पट्टी येते, आपण सहा आकडे उचलतो आणि मोकळे होतो. त्यात पानावर 'ऑफर संपायला 4 मिनिटं' असं उलटं घड्याळ. पान रिफ्रेश केलं तर ते पुन्हा दहापासून सुरू!

साइटचा पत्ता होता कंपनीचं नाव, आडवी रेघ, 'सेल' आणि शेवटी डॉट शॉप. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबायचं आणि तिथून उलटं वाचायचं. खरा मालक त्या टोकाला असतो. त्याच्या डावीकडे कोणीही कोणाचंही नाव लावू शकतो. आडवी रेघ जोडून केलेलं नाव तर सरळ वेगळंच नाव. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही भरलेलं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. बँकांचं त्यातल्या त्यात बरं, रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. दुकानांना असं काही बंधन नाही.

माल परत करण्याचे नियम उघडले तर त्यात एका बुटांच्या दुकानाचं नाव तसंच राहून गेलेलं. नक्कल करणारेही आळशी असतात.

काका चिडतील म्हणून आत्या रात्रभर गप्प बसली, ते जास्त महागात पडलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. शिवाय ओटीपी आपणच दिला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी होतं, त्यानंतरचं बँकेच्या. सकाळी कार्ड बंद केलं, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.