कोल्हापूरच्या उन्हाळ्यात लॉन टिकवून देणारी नर्सरी: आमचा अनुभव

घरापुढं लॉन आहे आणि एप्रिल-मेमध्ये ते डोळ्यादेखत करपतंय अशी बरीच मंडळी आर. के. नगर, पाचगाव, कळंबा भागात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गारगोटी रोडवरच्या एका छोट्या नर्सरीला आम्ही गेल्या दसऱ्याच्या सुमाराला लॉन नव्याने लावायचं आणि नंतर सांभाळायचं काम दिलं. आता मे संपत आलाय, म्हणजे खरी परीक्षा होऊन गेलीय, आणि लॉन हिरवं आहे. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं सांगते.

आधीची हकीकत सांगावी लागेल. घर घेतलं तेव्हा बाहेरच्या एका लँडस्केपवाल्यानं एप्रिलच्या मध्यावर मेक्सिकन लॉनच्या तयार लाद्या आणून पसरल्या होत्या. खाली काय, तर बांधकामाचा राहिलेला मुरूम, सिमेंटचे खडे, त्यावर चार बोटं काळी माती आणि भरपूर कच्चं शेणखत. आठ दिवस फोटोसारखं दिसलं आणि मग कडेनं पिवळं व्हायला लागलं. फोन केला की एकच उत्तर, पाणी वाढवा. पाणी वाढवलं, तरी मेअखेर निम्मं वाळलं. पावसात परत जरा हिरवं झालं म्हणून आम्ही खूश, तर गणपतीच्या दिवसांत, जमीन चांगली ओली असताना, मधेच मोठमोठे पिवळे पट्टे. आणि साळुंक्या आणि कावळे सकाळपासून त्याच जागी टोचत बसलेले.

तेव्हा एका मैत्रिणीनं या नर्सरीचं सांगितलं. तिथले मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) स्कूटरवरून आले, पिवळ्या भागाजवळ उकिडवे बसले, दोन्ही हातांनी गवत धरलं आणि चटई उचलावी तसं उचललं. खाली मूळ नावाला नाही! आणि मातीत पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या, डोकं तपकिरी. हातभर जागेत ओंजळभर निघाल्या. "वैनी, ही हुमणी. उसात असती तीच. तुमचं गवत उन्हानं न्हाई, आता हिनं खाल्लंय."

माझ्या माहेरी ऊस आहे त्यामुळं हुमणी हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, पण ती घरापुढच्या लॉनमध्ये येते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मामांनी सगळं नीट समजावलं आणि मला वाटतं ही माहिती प्रत्येकाला पाहिजे. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेला जमिनीतून हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, कडुलिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात, आणि मग मादी मातीत अंडी घालते. कच्चं शेणखत तिला फार आवडतं. अळी आधी कुजकं खाते, मोठी झाली की मुळांकडं वळते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करते. म्हणजे एप्रिलमध्ये टाकलेल्या खताचा हिशोब गणपतीत चुकता होतो. लॉन वर पिवळं, खाली माती ओली आणि पक्षी टोचतायत असं दिसलं की पाणी वाढवत बसू नका, आधी उचलून बघा.

दुसरा कोणी असता तर लगेच नवीन लाद्यांचं कोटेशन दिलं असतं. यांनी सांगितलं, आत्ता गवत विकत घेऊ नका. आधी सगळं काढलं, अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकल्या, मुरूम आणि खडे वीतभर खोलीपर्यंत काढून टाकले (हे काम फार मोठं होतं, दोन माणसं चार दिवस लागली), मग तांबडी माती, चांगलं कुजलेलं खत, क्रश सँड आणि निंबोळी पेंड असं मिसळून भरलं. त्यात मेटारायझियम, म्हणजे हुमणीवर वाढणारी बुरशी, खतात कालवून टाकली. जमिनीत ओल असेल तरच ती काम करते म्हणून परतीचा पाऊस असतानाच टाकायची घाई केली.

आणि गवत? मी म्हणाले, परत मेक्सिकनच, पायाला मऊ लागतं. ते म्हणाले, लावून देतो, पण तुमच्या बोअरच्या पाण्यावर आणि दिवसभराच्या उन्हात हरळीच लावा. हरळी म्हणजे आपण गणपतीला दूर्वा वाहतो तीच, फक्त बारीक पानाची, निवडलेली जात, नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळते. लाद्या न आणता काड्या लावल्या, बोटभर अंतरावर, म्हणून पैसेही कमी लागले. आणि आंब्याखालच्या सावलीच्या तुकड्यात त्यांनी गवत लावायला चक्क नकार दिला. हरळीला निदान सहा-सात तास ऊन पाहिजे, तिथं दोन तासही पडत नाही. तिथं शहाबादी फरशीचे तुकडे आणि कडेनं स्पायडर प्लांट लावलेत. विकणाऱ्यानं नको म्हणून सांगणं, तेही स्वतःचं बिल कमी करून, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता इथं थोडं विषयांतर, पण ते या सगळ्याशी जोडलेलं आहे. आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला होतो. तिथल्या भाड्याच्या घराच्या करारातच लिहिलेलं असतं की मागची बाग भाडेकरूनं नीट ठेवायची, त्यामुळं मी लॉन शिकले ते तिथं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड, ऑफिसमधून येऊन जेवण करून मग मशीन बाहेर काढायचं, सगळ्या गल्लीत कापलेल्या गवताचा वास. मला त्या संध्याकाळी अजून आठवतात आणि खरंच आठवण येते. तिथलं गवत म्हणजे रायग्रास, फेस्क्यू, ही थंड हवेतली जात. वर्षाचा पाऊस आपल्या कोल्हापूरपेक्षा कमीच, पण बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो म्हणून सगळं हिरवं. तिथला त्रास म्हणजे शेवाळ. हिवाळ्यात लॉनवर पाय ठेवला की बूट रुततो आणि मार्चमध्ये बघावं तर गवतापेक्षा शेवाळच जास्त.

आणि मग 2022 चा उन्हाळा आला. 19 जुलैला लिंकनशरमध्ये कोनिंग्सबीला 40.3 डिग्री नोंदलं गेलं, त्या देशात पहिल्यांदाच चाळीसच्या वर. घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा नाही, दुकानातले टेबल फॅन संपलेले. ऑगस्टमध्ये आमच्याकडं होजपाइप बॅन लागला, पाइपनं बागेला पाणी घालायचं नाही, कॅननं घाला. आख्खी गल्ली गवताच्या गंजीच्या रंगाची झाली. मी अस्वस्थ, रोज भांडी धुतलेलं पाणी घालत होते. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितलं, सोडून दे, ते मेलेलं नाही, झोपलंय, पाऊस आला की उठेल. आणि ऑक्टोबरमध्ये खरंच सगळं हिरवं झालं!

पण तो सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही, हे मला मामांमुळं कळलं. तिथलं गवत साधारण पंधरा ते चोवीस डिग्रीत जोरात वाढतं, ऊन चढलं की ते थांबून घेतं. आपली हरळी उलटी, तिला तीस-पस्तीस डिग्री मानवते, उन्हाळा हा तिच्या वाढीचा काळ, फक्त मुळाशी ओल पाहिजे. आपल्याकडं हरळी मंद होते ती डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. त्यामुळं जानेवारीत जरा पिवळट झाली तर घाबरायचं नाही आणि एप्रिलमध्ये झाली तर मात्र लगेच बघायचं. इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ थंड देशातल्या लोकांचे असतात, ते बघून इथं खत आणि पाणी ठरवलं तर गणित चुकतं.

पाण्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. आमचं लॉन साधारण आठशे स्क्वेअर फूट. त्यावर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ एकोणीसशे लिटर, जवळपास दोन हजार लिटरच्या टाकीएवढं. मामांची पद्धत अशी की हे आठवड्याचं पाणी रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, दोन-तीन वेळा विभागून सकाळी सहाच्या सुमाराला खोल मुरेल असं द्यायचं. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि दुपारी अडतीस-एकोणचाळीसचं ऊन आलं की तीच आधी भाजतात. संध्याकाळी तर अजिबात नको, रात्रभर पात ओली राहिली की बुरशीचे गोल डाग पडतात. बोअरचं पाणी जड आहे, मातीवर पांढरा थर दिसायला लागला होता, म्हणून वळवाचं छपरावरचं पाणी पाइपनं लॉनमध्ये सोडायची व्यवस्था त्यांनीच सुचवली आणि प्लंबरला उभं राहून करून घेतली.

वळवाबद्दल तर मी शिकले ते कुठल्याच पुस्तकात नसेल. कोल्हापूरचा मे म्हणजे सकाळी छान वारं, दुपारी भट्टी, चारला आभाळ भरून येतं, वारा सुटतो, पत्र्यावर गारा वाजतात, कैऱ्यांचा सडा, आणि अर्ध्या तासात परत ऊन. आपल्याला वाटतं बरं झालं, आता चार दिवस पाणी नको. मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनमध्ये लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून दाखवला. जेमतेम दीड इंच गेला आणि अडकला. एवढा पाऊस, पण जोरात पडून सगळा गटारीला गेलेला. तेव्हापासून मी पाऊस बघून ठरवत नाही, स्क्रू ड्रायव्हर बघून ठरवते. सहज चार इंच गेला तर पाणी नको, नाही गेला तर पाणी द्यायचं, वळीव पडलेला असो वा नसो.

वळवानंतर दोन गोष्टी अजून येतात. एक लव्हाळा. चकचकीत पात, तिकोनी दांडा, दोन दिवसांत गवताच्या वर डोकं काढतो. वरून उपटला तर खालची गाठ राहते आणि एकाचे चार होतात, खुरप्यानं गाठीसकट काढायला लागतो, तेही ओलीत. बाहेरच्या मातीतून तो येतो, म्हणून यांनी माती भरताना चाळून भरली, तरी थोडा आलाच. दुसरे ते भुंगेरे. या वर्षी पहिल्या वळवानंतर संध्याकाळी मामांचा पोरगा येऊन अंगणात बल्ब आणि खाली पाण्याची परात ठेवून गेला, बरेच पडले. एवढ्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता खर्च आणि तक्रारी. देखभालीचे महिन्याला दोन हजार, त्यात दोन व्हिजिट, कटिंग, निंदणी आणि खत, औषधाचे वेगळे. परवडतं असं माझं मत, कारण दरवर्षी नवीन लाद्या घालण्यापेक्षा हे स्वस्त. पण फोन उचलत नाहीत, विशेषतः मेमध्ये, वाट बघून आपणच नर्सरीत जायचं. कापलेलं गवत एकदा गेटजवळ ढीग करून गेले ते दोन दिवस तसंच वास मारत होतं. आणि मार्चमध्ये नवीन मुलगा आला होता त्याच्या मशीनचं पातं बोथट होतं, गवत कापण्याऐवजी फाडलं गेलं, सगळी टोकं पांढरी पडली. वर त्यानं फार बारीक कापलं. उन्हाळ्यात एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नसतं, हे मामांनीच मला सांगितलेलं, मग त्यांच्याच माणसाला माहीत पाहिजे ना! मी फोटो पाठवले, संध्याकाळी मामा स्वतः आले, दिलगिरी व्यक्त केली आणि तेव्हापासून कटिंगला जुनाच माणूस येतो. अर्धा स्टार त्याचा आणि फोनचा.

माझ्या सासूबाई सकाळी अनवाणी त्या लॉनवर चालतात. नातू व्हिडिओ कॉलवर रेडिंगहून बघतो आणि विचारतो, आजी तुझं गवत उन्हात पण हिरवं कसं, आमचं तर पिवळं झालंय. त्याला मी हरळीची काडी कॅमेऱ्यासमोर धरून गाठ गाठ दाखवली, प्रत्येक गाठीला मूळ फुटतं ते.

कोणाला काम द्यायचं असेल तर दोन सूचना. नवीन लॉन असेल तर आत्ताच, मृग लागायच्या आधी जाऊन जागा दाखवा, कारण माती काढण्या-भरण्याचं काम पाऊस सुरू झाल्यावर चिखलात होत नाही. आणि जूनमध्ये नर्सरीत रोपं न्यायला एवढी गर्दी असते की मामांशी दोन शब्द बोलणं मुश्कील. सकाळी नऊच्या आत गेलात तर ते निवांत भेटतात, जाताना आपल्या अंगणातली ओंजळभर माती आणि बाटलीत बोअरचं पाणी घेऊन जा, ते आधी तेच मागतात.