सीसी आली म्हणे! दोन अक्षरांत 2,90,000 गेले

पतसंस्थेत 19 वर्षं काढली आहेत. सीसी म्हटलं की आमच्या डोक्यात कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं कर्जखातं, येतं, गाडीवाल्याच्या डोक्यात इंजिन. तेव्हा मला कुणी अडाणी समजू नये. नऱ्ह्यात 58,00,000 चा टू बीएचके बघितला, तेव्हा एजंटाने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'सर, सीसी आलीये. जीएसटीचं टेन्शन नाही.'

जीएसटीचा नियम मला पाठ होता, तेच नडलं. कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला, मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नसतो. बांधकाम चालू असेल आणि किंमत 45 लाखांच्या वर असेल तर 5 टक्के. म्हटलं, 2,90,000 वाचले! बिल्डरच्या करारात मात्र सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करायची परवानगी. मी ज्याला शेवटचा कागद समजलो, तो पहिला होता.

आता लाज वाटते ती पुढची गोष्ट. साइटवर लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, त्यावर फळी टाकलेली. बायकोने विचारलं, "लिफ्ट कुठाय?" मी शहाणा म्हणालो, "अगं, सीसी आलीये, लिफ्टचं काय घेऊन बसलीस!" त्याच दुपारी सीसीची झेरॉक्स हातात मिळाली. वर ठळक मराठीत 'बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र'. प्रारंभ! मी शिक्का बघितला, जावक क्रमांक बघितला, रोजची सवय. मथळा तेवढा वाचला नाही. कहर म्हणजे करारनाम्याच्या जोडपत्रात भोगवटा प्रमाणपत्रापुढे, म्हणजे राहायला जायच्या परवानगीपुढे, 'एनए' लिहिलेलं. एनए प्लॉट, एनए प्लॉट ऐकत मोठे झालो आम्ही. वाटलं, जमीन बिगरशेती आहे. तिथे अर्थ होता 'लागू नाही'.

करार नोंदवण्याआधीच 9,00,000 चा चेक दिला होता. नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांवर, म्हणजे माझ्या बाबतीत 5,80,000 वर, एक रुपयाही घेता येत नाही. घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याचं कलम 13. तुम्ही देऊ नका.

मग डिमांड लेटर आलं: जीएसटी 2,90,000. दलाली 58,000 आधीच गेलेली. ताबा नाही म्हणून 17 महिन्यांचं घरभाडं, 14,500 प्रमाणे 2,46,500. एकूण 5,94,500. बेरीज मी तीनदा केली.

चौकीत गेलो तर "हे दिवाणी आहे, वकील गाठा." अहो, खोटं बोलून पैसे घेतले, ते दिवाणी कसं? तर म्हणे, "खोटं कुठे बोलला? सीसी आलेलीच आहे की." मग परवानगी देणाऱ्या कार्यालयात. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी साइट व्हिजिटला, तिसऱ्या दिवशी "अर्ज मराठीत आणा." मराठीत नेला तर "संक्षेप चालत नाहीत, पूर्ण लिहा." बिल्डरला चालतात! खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "सीसी, पण कुठली?" आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसल्या. अख्ख्या प्रकरणात हा प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती, म्हणून रागावताही येईना.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजुऱ्या आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. फुकट. एजंटाकडून शब्द पूर्ण लिहून घ्या, मराठीत. आणि बायको लिफ्ट विचारते तेव्हा गप्प ऐका.

परवा एजंटाचा स्टेटस दिसला: 'फेज टू. सीसी आली!' मी लिहिलं, 'कुठली?' त्याने ब्लॉक केलं.